इंग्रजीच्या सर-मॅडमना एका अर्जनवीसाचं खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातील मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक व इंग्रजीचे शिक्षक यांस

विषय: आठवी ते दहावीच्या मुलांना रोज चार ओळी स्वतःच्या इंग्रजीत लिहू देणेबाबत.

महोदय/महोदया,

विषयात 'देणेबाबत' लिहिलं ते सवयीनं. दिवसभर हेच लिहीत असतो. उत्पन्नाचा दाखला मिळणेबाबत, नावात दुरुस्ती होणेबाबत, पीक विमा न मिळालेबाबत. धारूर तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. एक संगणक, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र आणि गाळ्याबाहेर एक बाकडं. बाकड्यावर बसलेल्यांत निम्मी तुमची पोरं असतात, काही शाळेत असलेली, काही नुकतीच दहावी झालेली.

आमचे आजोबा सांगायचे, निजामाच्या राज्यात तहसील कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसलेला असायचा. कारभार उर्दूत आणि रयत मराठी. बांधाचं भांडण असो नाहीतर तगाई, म्हणजे सरकारी शेतकर्ज, मागायची असो, आपलं म्हणणं त्याला सांगायचं, तो काय लिहितो ते देवाला माहीत, आणि खाली अंगठा उठवायचा. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य गेलं. कचेरीतून उर्दूही गेली. अर्जनवीस मात्र कुठं गेला नाही, तो मी आहे. झाडाखालून गाळ्यात आलो आणि बोरूच्या जागी कीबोर्ड आला, एवढंच. माणसं अजून येतात, फोन पुढं करतात आणि म्हणतात, "भाऊ, हे काय म्हणतंय बगा."

अंगठेबहाद्दर म्हाताऱ्यानं असं म्हटलं तर समजू शकतो. दहावीला इंग्रजीत 74 गुण घेतलेली पोरगी म्हणते तेव्हा पोटात कालवतं.

त्या पोरीचंच सांगतो. अकरावीत गेल्यावर तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्याकडंच भरला होता. महिनाभरानं तिच्या फोनवर इंग्रजीत मेसेज आला, तीन ओळींचा. अर्ज 'सेंट बॅक' झाला आहे, अमुक कागद जोडून तमुक तारखेच्या आत पुन्हा पाठवा. तिनं 'सेंट' ओळखलं, पुढं 'बॅक' होतं ते 'बँक' वाचलं, आणि अर्थ लावला की पैसे बँकेत पाठवले. आईला सांगितलं. आईनं किराणा दुकानदाराला सांगितलं, त्यानं उधारीची मुदत वाढवून दिली. तिघंही पैशाची वाट बघत बसले. ती माझ्याकडं आली तेव्हा मुदत सरून नऊ दिवस झाले होते. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. त्यात तिला शाळेत कधीच भेटला नसेल असा एकही शब्द नव्हता.

मेसेज मराठीत यायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. यायलाच हवा. त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन, तिथल्या साहेबांना. हे पत्र तुम्हाला आहे.

आधी माझं स्वतःचं सांगून टाकतो, म्हणजे मी शहाणपणा शिकवतोय असं वाटणार नाही. मार्च 1999 च्या दहावीत मी इंग्रजीत नापास झालो. 100 पैकी 27. शाळेचं नाव सांगत नाही, सर चांगले होते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासूनचं 2000 साली आलं. सरांनी फळ्यावर सहा पत्रं लिहून दिली होती. आम्ही ती वहीत उतरवली आणि झाडाखाली येरझारा घालत पाठ केली. प्रत्येक पत्राच्या उजव्या कोपऱ्यात पत्ता होता: शिवाजीनगर, पुणे 5. त्या पेपरात आमच्या वर्गातली 42 पोरं पुण्यात राहत होती. त्यातल्या बहुतेकांनी तोवर पुणं पाहिलंही नव्हतं.

पेपरात आलं आजारी मित्राला धीर देणारं पत्र. ते सहात नव्हतं. मला वडिलांना सहलीसाठी पैसे मागणारं पत्र पक्कं पाठ होतं. म्हटलं, मोकळं सोडण्यापेक्षा बरं. 'फादर'च्या जागी 'फ्रेंड' केलं आणि बाकी सगळं जसंच्या तसं उतरवलं. म्हणजे मित्र दवाखान्यात पडलाय आणि मी त्याच्याकडं सहलीला पन्नास रुपये मागतोय, तेही 'मनिऑर्डरने लवकर पाठवावेत' म्हणून. तपासणाऱ्याचं काय झालं असेल, हे आठवून आता हसू येतं. त्या वर्षी नाही आलं. ऑक्टोबरची वारी केली, 38 गुणांनी सुटलो, तेसुद्धा दुसरी सहा पत्रं पाठ करून.

इंग्रजी खरं शिकलो ते पुढं, बीडला एका संगणकाच्या दुकानात हाताखाली राहिलो तेव्हा. स्क्रीनवर काहीतरी इंग्रजीत यायचं आणि गाडी अडायची. मराठीत समजावून सांगणारं जवळ कुणी नाही. वाचल्याशिवाय पुढं जाताच येत नव्हतं, म्हणून वाचायला लागलो. आणि बिघाड काय झालाय ते कंपनीला लिहून कळवायचं असायचं, म्हणून मोडकंतोडकं लिहायलाही लागलो. समोरच्याला कळायचं. उत्तर यायचं. माझं लिहिलेलं इंग्रजी कुणाला तरी कळतं, हे मला विसाव्या वर्षी समजलं. ते पंधराव्या वर्षी समजायला काय हरकत होती?

आता तुमच्या पोरांकडं येतो. संध्याकाळी माझ्या गाळ्यात दहा-बारा जण अभ्यासाला बसतात. अभ्यासाची ओढ कमी, वायफायची जास्त, पण बसतात. एकदा मी त्यांना एक उतारा लिहून दिला. "बिनू इज अ टॉल झिंपर. ही ग्रिमल्स इन द फील्ड एव्हरी मॉर्निंग. हिज मदर गिव्ह्ज हिम टू फोंडीज." यातले झिंपर, ग्रिमल आणि फोंडी मी घरी बसून तयार केले होते, इंग्रजीत असलं काही नाही. खाली प्रश्न विचारले. बिनू कोण आहे? तो रोज सकाळी कुठं ग्रिमल करतो? आई त्याला काय देते? अकरापैकी दहा जणांनी पाच मिनिटांत सगळी उत्तरं बरोबर लिहून दिली. "बिनू इज अ टॉल झिंपर." स्पेलिंगसुद्धा बरोबर. मी विचारलं, बाळांनो, झिंपर म्हणजे काय? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हणाली, "भाऊ, ते विचारलं न्हाई की प्रश्नात."

अकरावा पेन चावत बसला होता. त्याला वाटलं, झिंपरचा धडा झाला तेव्हा आपण ऊसतोडीला गेलेलो असणार.

हरवलेली शेळी कळपात शोधताना आपण तिच्या कानाची खूण बघतो. पोरं उतारा तसा बघतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात कुठं आहे ते हेरायचं, ते वाक्य कान धरून बाहेर ओढायचं आणि उत्तरपत्रिकेत बांधायचं. यात हुशारी आहे, मी नाही म्हणत नाही. पण वाक्य काय म्हणतंय याच्याशी तिचा काही संबंध नाही, आणि 'सेंट बॅक'ला ती कामी येत नाही. 'असर' नावाचा शिक्षणाचा अहवाल काढणाऱ्या संस्थेनं 2023 ला देशातल्या 28 जिल्ह्यांत खेड्यातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी केली. इंग्रजी वाक्यं वाचता आली 57.3 टक्क्यांना. त्यांतल्याही साधारण तीन चतुर्थांशांनाच वाचलेल्याचा अर्थ सांगता आला. माझ्या बाकड्यावर मला दुसरं काही दिसत नाही.

हे सगळं बोर्डाच्या डोक्यावर फोडायला सोपं आहे. मीही फोडणार होतो. म्हणून दहावीची कृतिपत्रिका, म्हणजे आताची प्रश्नपत्रिका, काढून बसलो आणि गुण मोजले. लेखी 80. त्यात धड्यांचे उतारे 20 आणि कविता 10. बाकीचे 50 गुण धड्या-कवितांच्या बाहेरचे: भाषाभ्यास 10, न पाहिलेला उतारा 10, सारांश 5, लेखन 20, भाषांतर 5. उताऱ्याखालची शेवटची कृती तर सरळ 'तुला काय वाटतं' अशी असते. म्हणजे मंडळानं कागदावर तरी पाठांतराची वाट बरीच बुजवलेली आहे. ती पुन्हा खणली कुणी? गाइडनं आणि फळ्यानं. 'तुला काय वाटतं'चंसुद्धा पाठ केलेलं उत्तर मी पाहिलंय. "येस, आय फुल्ली अॅग्री विथ द रायटर." लेखक काय म्हणाला ते विचारू नका.

तोंडी परीक्षेच्या 20 गुणांबद्दल बोलू की नको, असं मनात होतं. बोलतो. 2019 च्या दहावीला भाषांचे शाळेच्या हातातले ते गुण काढले होते. 2018 ला राज्याचा निकाल 89.41 टक्के होता, तो त्या वर्षी 77.10 वर आला. त्या साली पुस्तकंही नवी होती, हे मान्य. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल 95.30 वर गेला. यातून काय समजायचं ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. पोरांच्या गळ्यातून एक इंग्रजी वाक्य न निघता 18 गुण भरलेले तक्ते मी स्वतः टाइप करून दिलेत, प्रिंटचे पैसे घेऊन. तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखा नाही.

तर मागणी अशी. फळ्यावर तयार पत्र लिहून देणं बंद करा, आणि इंग्रजीच्या तासाची पहिली सात मिनिटं पोरांना त्यांच्या स्वतःच्या चार ओळी लिहू द्या. 'माय मदर', 'माय फेवरिट फेस्टिव्हल' असले विषय नकोत. ते गाइडात आहेत. काल घरी काय झालं, एवढंच पुरे. शब्द अडला तर तिथं मराठी लिहू दे. नुसतं लिहू द्या.

त्या पेन चावणाऱ्या पोराबरोबर मी हे करून पाहिलं. त्याचे आई-वडील दिवाळी झाली की कोयत्यावर जातात, थेट पाडव्याच्या आसपास परततात. गेल्या साली तोही टोळीबरोबर फडात होता, यंदा नववीला म्हणून आजीजवळ ठेवलाय. पहिले दोन दिवस त्यानं वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं: "माय मदर टाय मोळी. नाइट ट्रॅक्टर कम. आय होल्ड बॅटरी. फादर से लाइट हिकडं."

माझ्या हातात लाल पेन असतं तर चार ओळींत सहा गोल केले असते. पण मला ते सगळं दिसलं: रात्रीचा फड, मोळ्या बांधणारी आई, ट्रॅक्टरचा आवाज, आणि बॅटरी धरून उभं राहिलेलं पेंगुळलेलं लेकरू. शिवाजीनगर, पुणे 5 मधून आलेल्या एकाही पत्रात मला असं काही दिसलेलं नाही. त्यानं विचारलं, मोळीला इंग्रजीत काय म्हणतात. मी म्हटलं, बंडल. तो म्हणाला, "बंडल तर बिडीचं असतंय, भाऊ." मग आम्ही मोळी मोळीच ठेवली.

मी त्याच्या ओळींखाली इंग्रजीत एक प्रश्न लिहिला: ट्रॅक्टर किती वाजता येतो? दुसऱ्या दिवशी त्यानं उत्तर लिहिलं आणि वर स्वतःहून आणखी दोन ओळी, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरबद्दल, जरा शिवराळ. दीडेक महिन्यानं 'कम'ला शेवटी एस लागला. मी सांगितलं नव्हतं, कुठंतरी वाचून त्याच्या नजरेत बसला असावा. मग गडी महिनाभर दिसेल त्याला एस लावत सुटला. आय होल्ड्स, दे गोज, सगळीकडं एस. मी गप्प राहिलो. ते आपोआप ओसरतंय. नियम अंगात मुरताना असंच होतं, बोलायला लागलेलं लेकरूही 'मी आली' म्हणतं, आपण त्याच्या जिभेवर लाल गोल करत नाही.

एकट्या पोराबरोबर हे सोपं आहे, याची मला जाणीव आहे. तुमच्यापुढं 65 असतात, अशा तीन तुकड्या, वर ऑनलाइन माहित्या, कुठं जागा रिकाम्या म्हणून तासिकेवरचा माणूस. रोज दोनशे वह्या तपासा असं मी सांगितलं तर तुम्ही मला बाकड्यावरून उठवाल. म्हणून सांगतो, तपासू नका. रोज पाच वह्या वाचा, बस. चूक एकच धरा, आणि खाली एक खरा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. 'ट्रॅक्टर किती वाजता येतो' असला. बाकीच्या वह्या पोरं एकमेकांत बदलून वाचतील. वाचतातच, दुसऱ्याच्या घरात काल काय झालं हे कुणाला वाचायचं नसतं? न तपासलेल्या चुका पक्क्या होतील ही भीती तुम्हाला वाटेल. मला ती कोऱ्या वहीची जास्त वाटते.

वाचनाचं त्याहून सोपं आहे. तुम्ही इंग्रजी वाक्य वाचता आणि लगेच त्याचं मराठी सांगता. पोरं हुशार असतात, ती इंग्रजी ऐकतच नाहीत, मराठीची वाट बघत बसतात. एखाद्या दिवशी मराठी पाच मिनिटं उशिरा द्या. दोन परिच्छेद मुकाट्यानं वाचू द्या आणि मग मराठीतच विचारा, काय कळलं? अर्धं चुकीचं सांगतील. सांगू द्या, मग पुन्हा तेच परिच्छेद वाचायला लावा.

आणि पुस्तकाबाहेरचं इंग्रजी गावात कमी आहे असं समजू नका. युरियाची रिकामी गोणी वर्गात आणा. 45 किलो, 46 टक्के नत्र, नीम कोटेड. यातला 'कोटेड' पोरांना 'कोट'वरून लावता येतो का बघा, मजा येते. आजीच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी आणा, तिच्यावरची बारीक अक्षरातली सूचना वाचायला लावा. कीटकनाशकाच्या बाटलीवर त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लाल त्रिकोणाजवळ 'पॉइझन' लिहिलेलं असतं, निळ्याजवळ 'डेंजर', हिरव्याजवळ 'कॉशन'. कपाशीवर फवारा मारणाऱ्या घरातल्या नववीच्या पोराला या तीन शब्दांतला फरक सांगता येत नाही, आणि त्याच पोराला 'डेंजर'चं विशेषण काय ते मात्र येतं. बाटली रिकामी असली तरी वर्गात आणू नका, लेबलाचा फोटो काढून आणा. हे आपलं माझ्या काळजीपोटी.

सेमी इंग्रजीवाल्या शाळांना वाटेल, आमचं गणित-विज्ञान इंग्रजीतच आहे, आम्हाला हे लागू नाही. तुमचीही पोरं बाकड्यावर येतात, एवढंच म्हणतो. व्याख्या घडाघडा येतात. अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा लातूरला सायन्सला जायचं म्हणून निघालेल्या पोरांचे अर्ज मी रांगेनं भरले. पसंतीक्रमाच्या पानावरच्या सूचना वाचून सांग म्हटलं की बहुतेकांनी माऊस माझ्याकडं सरकवला.

हे सगळं खरंच झालं तर माझा धंदा बसेल, असं बायको म्हणते. बसणार नाही. ठशाचं यंत्र माझ्याकडंच आहे आणि प्रिंटसाठी तरी येतीलच. फोन पुढं करून 'हे काय म्हणतंय' विचारणाऱ्याकडून मी तसाही पैसा घेत नाही.

एक अडचण मात्र तुम्ही नक्की काढाल, रोज चार ओळींसाठी वेगळी वही कुणाच्या बापाला परवडते? त्याची सोय आहे. माझ्याकडं रोज बिघडलेल्या प्रिंटांचा ढीग पडतो, सगळे पाठकोरे कागद. कुणाचा आधार क्रमांक किंवा दाखला असलेले मी फाडून टाकतो, बाकीचे रचून ठेवतो. आता गुडघ्याएवढी थप्पी झालीय. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं शनिवारी दुपारनंतर एखादं पोरगं पाठवावं. येताना दाभण आणि सुतळी आणली तर शिवूनही देईन.

आपला,
एक सेवा केंद्रचालक
ता. धारूर, जि. बीड